भूमींतील शल्य

घर बांधावयाचें म्हणजे आधीं जागा पाहावयाची, ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. पण जागा पाहावयाची म्हणजे काय पाहावयाचें? रस्ता किती रुंद आहे, शेजार कसा आहे, पूर्वेचें ऊन येतें कीं नाहीं, एवढें पाहून आपण समाधान मानतों. त्या जमिनीच्या पोटांत काय आहे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्यांना जमिनीखालून आगगाडी न्यावयाची असते त्यांना मात्र तो विचारल्यावांचून गत्यंतर नसतें. ते तो कसा विचारतात, त्याचें उत्तर कसें मिळवितात, आणि आपल्यासारख्या प्रापंचिकांनीं त्यापासून काय घ्यावें, हें आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ घरच्याच गोष्टीनें करतों. १९७२ सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला, तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. देशावरील एका तालुक्याच्या गांवीं आमचा जुना वाडा होता व त्याच्या मागील चौकांत एक आड होता. आळींतील इतर आड आटले. आमच्या आडाला पाणी राहिलें. साहजिकच सारी आळी आमच्याकडे पाण्याला येऊं लागली. पहांटेपासून रात्रीपर्यंत रहाट म्हणून थांबत नसे. एके दिवशीं पानावर भात वाढतां वाढतां आई थबकली व म्हणाली, "ह्या भाताला रॉकेलचा वास येतो." चिमणी भरल्यावर कोणाचा तरी हात लागला असेल, असें सर्वांना वाटलें. पातेलें पुन्हां घासलें, तांदूळ बदलून पाहिले. पण वास कांहीं गेला नाहीं. चार दिवसांनीं आडांतील पाण्यावर मोरपिशी रंगाचा तवंग दिसूं लागला.

घरांत तर्क चालले होते, तेव्हां आमची आजी जपाची माळ बाजूला ठेवून वडिलांना म्हणाली, "अरे, मी ह्या घरांत आलें तेव्हां आपल्या परसाला लागून रॉकेलची वखार होती. त्यांची टाकी जमिनींत पुरलेली होती. पुढें वखार उठली. पण टाकी काढलेली कांहीं मीं पाहिली नाहीं." दुसऱ्या दिवशीं तेथें खणलें. दोन हातांवर मुरूम काळा पडलेला लागला आणि त्याखालीं गंजून चाळण झालेली टाकी. वखार उठून तोंवर वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. इतका काळ तें तेल मुरमाच्या फटींत निपचित पडून होतें. आम्ही आडाचें पाणी अतोनात उपसलें, तेव्हां पाण्यामागोमाग तेंही आमच्याकडे चालत आलें.

ह्या लहानशा गोष्टींत आजच्या विषयाचीं सर्व सूत्रें आहेत. जमीन विसरत नाहीं. वर राहणारीं माणसें विसरतात. जमिनींतील दोष जागच्या जागीं राहतो असें नाहीं. पाणी त्याचें वाहन होतें. आणि तो दोष शोधण्याचें पहिलें साधन कुदळ नसून आजीची आठवण हें आहे.

आतां लंडन शहरीं जाऊं. त्या शहराच्या पूर्वभागांत थेम्स नदी एक मोठें वळण घेते व त्या वळणांत जमिनीची एक जीभ सांपडलेली आहे. हेंच ग्रीनिचचें द्वीपकल्प. मूळची ही दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीनें येथें दगडी कोळशापासून जळाऊ वायु करण्याचा प्रचंड कारखाना उभारला. पुढें १९६५ सालीं उत्तर समुद्रांत नैसर्गिक वायु सांपडला, कोळशाच्या वायूची गरज सरली, व अशा सर्व कारखान्यांप्रमाणें हाही थंड पडला. जमीन ओसाड झाली. त्यानंतर १९९३ सालच्या डिसेंबरांत लंडनच्या भुयारी आगगाडीच्या ज्युबिली मार्गाचा विस्तार सुरू झाला. ग्रीन पार्कपासून स्ट्रॅटफर्डपर्यंत सुमारें १६ किलोमीटर लांबीचा हा मार्ग थेम्स नदी चार वेळां ओलांडतो. त्यावरील नॉर्थ ग्रीनिच हें प्रचंड स्थानक ह्याच जुन्या कारखान्याच्या जमिनींत खोदावयाचें होतें.

कोळशाचा वायु करणें म्हणजे कोळसा बंद भांड्यांत, हवा लागूं न देतां, तापविणें. त्यांतून वायु निघतो, कोक उरतो, शिवाय डांबर व अमोनियाचें पाणी सुटतें. वायूला गंधकाची दुर्गंधि व सायनाइडाचा अंश असतो. ते काढण्यासाठीं तो चुन्यांतून किंवा लोखंडाच्या गंजांतून नेत. वापरून निकामी झालेला हा गंज निळसर पडतो व त्यांत सायनाइडाचीं संयुगें राहतात. डांबर तर आपल्या घरांतही निराळ्या रूपानें येऊन गेलेलें आहे. ठेवणींतल्या लुगड्यांत आपल्या आया ज्या डांबराच्या गोळ्या घालीत त्या त्यांतल्याच, आणि कार्बोलिक साबणाचा तो उग्र वासही मूळचा त्यांतलाच. पण पेटींतली गोळी निराळी आणि शेंकडों एकर जमिनींत पिढ्यान् पिढ्या झिरपलेलें डांबर निराळें. त्याच डांबरांत बेंझीन नांवाचें द्रव्य असतें. तें हवेंत सहज उडतें, आणि फार दिवस श्वासावाटें गेलें तर रक्ताचा कर्करोग होऊं शकतो. अशा मातींत शेंकडों मजूर उतरवावयाचे, तेथील पाणी उपसावयाचें आणि ती माती गाड्यांतून शहराबाहेर न्यावयाची, तर आधीं तिची परीक्षा नको काय?

पहिली परीक्षा : कागदांची

अशा कामांत प्रथम कोणी कुदळ हातीं घेत नाहीं. प्रथम दप्तर उघडतात. जुने नकाशे, जमिनीचीं खातीं, कारखान्यांचे आराखडे, हवाई छायाचित्रें हीं सर्व वर्षवार एकापुढें एक मांडतात. विलायतेंत व अमेरिकेंत आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांसाठीं शहरांचे सूक्ष्म नकाशे काढीत असत. कोणत्या घरांत तेलाचा सांठा आहे, कोठें रंगाची भट्टी आहे, हें त्यांत नोंदलेलें असे, कारण आग कोठें लागेल ही त्यांची चिंता. आज तेच नकाशे विष कोठें सांपडेल हें सांगण्याच्या कामीं येतात. ज्यानें ते काढले त्याच्या स्वप्नांतही हा उपयोग आला नसेल!

कागदांनंतर माणसें. कारखान्यांतील जुने कामगार, आसपासचे वृद्ध रहिवासी ह्यांना विचारतात : घाण पाणी कोठें सोडीत? राख कोठें टाकीत? कधीं टाकी फुटली होती काय? स्थळांचीं नांवेंही साक्ष देतात. पुण्यांतील तांबट आळी, मुंबईतील लोहार चाळ हीं नांवें काय सांगतात हें उघडच आहे. मुंबईतही एके काळीं रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे जळत. ते गेले, तरी लालबागेंत गॅस कंपनी लेन हें नांव राहिलें. नांवावरून दोष सिद्ध होत नाहीं. परंतु प्रश्न कोठें विचारावा हें मात्र कळतें.

दुसरी परीक्षा : मातीची

कागदांनीं जेथें बोट दाखविलें तेथें छिद्रें घेतात. यंत्रानें नळी जमिनींत उतरवून थराथराची माती वर काढतात. तिचा रंग, वास व ओल लिहून ठेवतात, आणि नमुने कांचेच्या बरण्यांत भरतात. उडून जाणारीं द्रव्यें शोधावयाचीं असल्यास नमुना घेतांच तो घट्ट बंद करून बर्फाच्या पेटींत ठेवावा लागतो, नाहींतर प्रयोगशाळेंत पोंचेपर्यंत चोर पळालेला असतो. प्रत्येक बरणीवर जागा, खोली, दिवस व वेळ लिहितात, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली ह्याची सहीनिशी नोंद ठेवतात. एका छिद्रांतील हत्यार दुसऱ्यांत घालण्यापूर्वीं स्वच्छ धुतात, आणि काम संपल्यावर छिद्र फुगणाऱ्या चिकणमातीनें बुजवितात. तसें न केलें तर वरची घाण खालच्या शुद्ध पाण्यापर्यंत नेणारी वाट आपणच करून दिली असें व्हावयाचें. रोगाची परीक्षा करतांना वैद्यानेंच रोग पसरवावा, तसा हा प्रकार होय.

येथें एक शंका येते. शितावरून भाताची परीक्षा होते, मग एका छिद्रावरून जमिनीची कां होऊं नये? उत्तर सोपें आहे. भात एका पातेल्यांत, एका आंचेवर, एका वेळीं शिजलेला असतो. म्हणून एक शीत सर्वांच्या वतीनें बोलूं शकतें. जमीन अशी एका पातेल्यांत शिजलेली नसते. येथें डांबराचा हौद, त्याच्यापासून दहा पावलांवर निर्मळ वाळू, पुढें राखेचा भराव, असा तिचा संसार. म्हणून छिद्रें अनेक घ्यावीं लागतात, व जेथें जुना हौद असल्याचें कागद सांगतात तेथें तीं अधिक दाट घ्यावीं लागतात. इतकें करूनही दोन छिद्रांमध्यें कांहीं लपून राहण्याचा संभव उरतोच. म्हणून खोदाई सुरू झाल्यावरही माती पारखणारा माणूस खड्ड्याच्या कांठीं उभा असावा लागतो.

तिसरी परीक्षा : पाण्याची

माती एका जागीं बसून असते, पाणी हिंडतें. तें कोणत्या दिशेनें हिंडतें हें काढण्याची युक्ति आमच्यासारख्या जुन्या शिक्षकाला फार आवडली, कारण तींत शाळेंतील भूमितीपलीकडे कांहीं नाहीं. एका विहिरीवरून पाण्याची दिशा कळत नाहीं, दोहोंवरूनही नाहीं; परंतु एका रेषेंत नसलेल्या तीन विहिरी घेऊन प्रत्येकींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली, कीं तीन बिंदूंवरून एक प्रतल निश्चित होतें व त्याचा उतार समजतो. पाणी बहुधा त्या उताराला धरून जातें. ह्या विहिरी म्हणजे मोठे आड नव्हेत. बारीक चिरा असलेल्या नळ्या खडीच्या वेष्टनांत उभ्या केलेल्या असतात. त्यांतून वेळोवेळीं पाणी काढून तपासतात, कारण पावसाळ्यांतील उत्तर उन्हाळ्यांत बदलूं शकतें.

पाण्यांतील दोषही दोन जातींचे. रॉकेल, पेट्रोल हीं आमटीवरील तेलाप्रमाणें पाण्यावर तरंगतात. जड डांबर मात्र पाण्यांत पडलेल्या काकवीप्रमाणें तळ गांठतें आणि खालीं अभेद्य थर लागेपर्यंत उतरत जातें. म्हणून वरचें पाणी स्वच्छ दिसलें एवढ्यावरून खालचेंही तसेंच असेल असें मानतां येत नाहीं.

आणि आतां आमच्या आडाची आठवण करा. भुयार किंवा भुयारी स्थानक खोदतांना खड्डा कोरडा राहावा म्हणून रात्रंदिवस पाणी उपसावें लागतें. त्यामुळें भोंवतालचें पाणी त्या खड्ड्याकडे वळतें, आणि शेजारच्या जमिनींत वर्षानुवर्षें स्वस्थ पडलेली घाणही त्याबरोबर ओढली जाते. स्वतःची जागा शुद्ध असूनही शेजाऱ्याचा दोष अंगीं लागतो. म्हणून मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीनही तपासावी लागते, किती पाणी उपसलें तर किती दूरवर ओढ लागेल ह्याचें गणित आधीं करावें लागतें, आणि उपसलेलें पाणी शुद्ध केल्यावांचून नदीनाल्यांत सोडतां येत नाहीं.

परीक्षेनंतर उपाय. फार दूषित माती काढून न्यावयाची, कमी दूषित असेल ती धुवून किंवा अन्य रीतीनें शुद्ध करावयाची, उरलेलीवर शुद्ध मातीचें जाड आवरण घालून ती लोकांच्या संपर्काबाहेर ठेवावयाची. ग्रीनिचला ह्या सर्व प्रकारचे उपाय झाले. बेंझीनची वाफ तर नळ्या घालून जमिनींतून अक्षरशः शोषून काढण्यांत आली. १९९९ सालच्या मे महिन्याच्या १४ तारखेस नॉर्थ ग्रीनिच स्थानक लोकांना खुलें झालें. जेथें एके काळीं डांबराचे हौद होते तेथून आज लोक ऑफिसांत व शाळांत जातात आणि खालच्या जमिनीचा कोणाला विचारही करावा लागत नाहीं. तसा विचार करावा न लागणें हेंच त्या परीक्षेचें फळ होय.

परीक्षा न केल्यास काय होतें ह्याचें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. लॉस एंजेलिस शहराच्या आसपास जमिनीखालीं खनिज तेलाचे व वायूचे सांठे आहेत. म्हणजे तेथें दोष कारखान्यानें नव्हे, सृष्टीनेंच ठेवलेला. १९७१ सालच्या जून महिन्यांत शहराच्या उत्तरेस सिल्मार येथें पाण्याच्या नळासाठीं भुयार खणीत असतां मिथेन वायूचा स्फोट झाला व १७ कामगार मेले. आदल्याच दिवशीं लहानसा भडका उडून कांहीं मजूर भाजले होते. तरीही काम चालूं राहिलें. जमिनीनें एकदां सांगितलें, तें कोणी ऐकलें नाहीं. पुढें १९८५ सालच्या २४ मार्चला शहरांतील फेअरफॅक्स भागांतील एका कापडाच्या दुकानांत जमिनींतून सांठलेल्या मिथेनचा स्फोट होऊन २३ माणसें जखमी झालीं. ह्या वेळीं लोकांनीं उलट टोंक गांठलें. त्या भागांत भुयार खोदण्यास सरकारी पैसा देऊं नये असा कायदाच झाला व नियोजित आगगाडीचा मार्ग वळवावा लागला. वीस वर्षांनीं, २००५ सालीं, तज्ज्ञांनीं पुन्हां विचार करून सांगितलें कीं, वायूचें मापन, भरपूर वायुवीजन, बंद तोंडाचें खोदयंत्र व वायु आंत येऊं न देणारे भुयाराचे सांधे इतकीं साधनें असतां येथें काम निर्धोक होऊं शकतें. २००७ सालीं बंदी उठली व पुढें त्याच भागाखालून मार्ग खोदण्यांत आला. आमच्या मतें दोन्ही टोंकें एकाच चुकीचीं. बेफिकीर माणूस मोजीत नाहीं, आणि घाबरलेला माणूसही मोजीत नाहीं. जो मोजतो त्यालाच कोठें थांबावें व कोठें पुढें जावें हें कळतें.

आमचें आयुष्य संस्कृताच्या अध्यापनांत गेलें, तेव्हां आमच्या जुन्या ग्रंथांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूमिपरीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हां भरावी. माती उरली तर भूमि चांगली, कमी पडली तर वाईट. खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें व पाणी किती उरलें तें पाहावें. भूमिगत जलाच्या प्रकरणांत जमिनींतील पाण्याच्या वाटांना मनुष्यदेहांतील शिरांची उपमा दिली आहे. आणि वास्तुविद्येंत 'शल्य' हा विचार आहे : हाडें, कोळसे, राख, केस असें जें भूमींत पुरलेलें असेल तें काढल्यावांचून घर बांधूं नये. ह्यावरून आमच्या पूर्वजांना बेंझीन ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह कोणाला झाला तर तो त्यानें आवरावा. घराचा धनी आपल्या देहाचा जो भाग खाजवील त्यावरून शल्याची जागा ओळखावी, असेंही तेथेंच सांगितलें आहे, आणि त्या रीतीनें टाकी शोधावयाची तर आम्हीं उन्हाळ्यांत घामोळ्यांच्या दिवसांत सारा वाडाच उकरला असता! रीत टाकावी; तत्त्व ठेवावें. पायाच्या आधीं शल्य, हें तत्त्व मात्र आजही तितकेंच खरें आहे.

शेवटीं पुन्हां आमच्या वाड्याकडे. कांहीं वर्षांपूर्वीं तो पडका वाडा विकण्याचें ठरलें. घेणारा गांवांतलाच एक तरुण, नुकतेंच लग्न झालेला. तेथें घर बांधून विहीर खोदण्याचा त्याचा विचार होता. आमचे थोरले बंधू म्हणाले, "अरे, पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट. आतां कोणाला आठवते? सांगून भाव कशाला पाडून घेतोस?" खोटें कशाला बोलावें, आम्हीही दोन दिवस गप्प बसलों. रक्कम लहान नव्हती व ती केवळ आमची नव्हती. तिसऱ्या दिवशीं मनांत आलें कीं आजी त्या दिवशीं अशीच गप्प बसती तर? आम्हीं दादांना तसें सांगितलें. त्यावर ते कांहीं बोलले नाहींत. मग आम्हीं त्या तरुणाला बोलावून टाकीची जागा दाखविली. त्यानें माती व पाणी तपासून घेतलें. मागच्या कोपऱ्यांत तेलाचा अंश अजूनही निघाला! भाव पडला. दादा पुढें चार महिने आमच्याशीं मोजकेंच बोलत होते. त्या तरुणानें विहिरीचा बेत सोडून नळाचें पाणी घेतलें, आणि त्याच्याच सांगण्यावरून खरेदीखताला जोडलेल्या नकाशांत टाकीची जागा खुणेनें दाखविली.

आज त्या घरांत दोन लहान मुलें आहेत. आगगाडीचीं भुयारें मोठ्या लोकांनीं खोदावीं, त्यांच्या परीक्षाही त्यांनींच कराव्या. पण आपल्या परसांत काय पुरलें आहे, कोठें टाकी होती, कोणता आड कां बुजविला, हें प्रत्येक घरांतल्या वडील माणसाला ठाऊक असतें. तें त्यानें मुलांना सांगावें आणि शक्य तर लिहून ठेवावें, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.